फसलो, हे सांगायला लाज कसली?





दरवर्षी या अंकासाठी मी शिस्त, वाचन, परीक्षेची तयारी अशा विषयांवर चार शब्द लिहिते. यंदाचा विषय थोडा निराळा आहे. तो आपल्या प्रत्येकाच्या पाकिटात किंवा पर्समध्ये आहे. बँकेचे कार्ड. कोणाकडे क्रेडिट कार्ड असेल, कोणाकडे डेबिट कार्ड असेल. आपल्या घरांत त्याला सरसकट 'एटीएम कार्ड' म्हणतात. शाळेच्या मुख्याध्यापिकेने कार्डाच्या चोरीवर का लिहावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकते. मी स्वतः फसले आहे.

ही गोष्ट मार्च २०२३ ची. वार्षिक परीक्षा सुरू होत्या. दुपारी चारच्या सुमारास माझ्या मोबाइलवर फोन आला. "नमस्कार मॅडम, तुमच्या क्रेडिट कार्ड विभागातून बोलतोय." आधी हिंदीत बोलणे झाले. मग तो म्हणाला, "आडनावावरून मराठी वाटता. मी पण मराठीच. आमचं मूळ गाव अमरावतीकडचं." आम्ही तीन पिढ्यांपासून इंदूरचे. घरात मराठी, बाजारात हिंदी, माझे शिक्षणही सगळे हिंदी माध्यमातून झालेले. अशा माणसाला अनोळखी फोनवर अचानक मराठी ऐकू आले की मन थोडे मऊ होतेच. तो माझ्याशी फार आदराने बोलत होता. म्हणाला, तुमच्या कार्डावर बक्षिसाचे गुण जमले आहेत, ते आज रात्री रद्द होतील, ते पैशांत बदलून घ्या. खात्री पटावी म्हणून त्याने माझ्या कार्डाचे पहिले सहा आकडे वाचून दाखवले. ते बरोबर होते. मला वाटले, हा बँकेचाच माणूस. पुढचे आकडे मी सांगितले. मुदतीची तारीख सांगितली. कार्डाच्या मागचे तीन आकडे सांगितले. शेवटी मोबाइलवर आलेला ओटीपीही सांगितला.

फोन ठेवून दोन मिनिटे झाली नाहीत, तोच संदेश आला. कार्डावर ९,८०० रुपयांची खरेदी झाली होती.

मला त्याच क्षणी सगळे कळले. तरी मी काय केले? काहीच केले नाही. बँकेला फोन केला नाही, घरी सांगितले नाही. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुलांना "अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका" असे सांगणारी बाई स्वतःच फसली, हे कोणाला कसे सांगणार? वाटले, जे गेले ते गेले, आता विसरून जावे. तिसऱ्या दिवशी त्याच कार्डावर आणखी १४,५०० रुपये गेले. या वेळी ओटीपीसुद्धा आला नाही, कारण खरेदी परदेशातील एका वेबसाइटवर झाली होती. परदेशातील पुष्कळ ठिकाणी कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होते. ते सगळे मी स्वतःच्या तोंडाने देऊन बसले होते.

चौथ्या दिवशी मी मुलीला सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, "आई, आधी कार्ड बंद करू. मग बोलू." पाच मिनिटांत कार्ड बंद झाले.

नंतर बँकेत गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितले. पहिली रक्कम परत मिळणे अवघड, कारण ओटीपी मी स्वतः दिला होता. दुसऱ्या रकमेबद्दल ते म्हणाले, "त्याच संध्याकाळी कळवले असते, तर ही गेलीच नसती." घरी येताना मी हिशेब केला. ९,८०० रुपये माझ्या भोळेपणाचे गेले. १४,५०० रुपये मी गप्प बसले म्हणून गेले. भोळेपणा कोणाच्याही हातून होतो. गप्प बसणे मात्र माझ्या हातात होते. आज मला जे सांगायचे आहे ते या दुसऱ्या रकमेबद्दल आहे.

नियम काय सांगतो

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांसाठी एक परिपत्रक काढले. त्यातली मुख्य गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कोणाची आहे, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर एक रुपयाचाही बोजा पडत नाही. चार ते सात दिवस लावले, तर खात्याच्या प्रकाराप्रमाणे ठरावीक रकमेपर्यंत नुकसान त्याला सोसावे लागते. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे ठरते. आणि माझ्यासारखी ज्याने गुप्त माहिती स्वतःच दिली, त्याचे तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच. पण तक्रार केल्यानंतर जे नुकसान होईल, ते बँकेचे.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. चूक माझी असली तरी मी तोंड उघडले की त्या क्षणापासून पुढची जबाबदारी बँकेवर जाते. म्हणजे बँकेचा नियमसुद्धा आपल्याला एकच सांगतो, लवकर बोला. असे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या बँकेत आजचा नियम विचारून घ्यावा. पण लवकर कळवणाऱ्याचे नुकसान कमी होते, ही गोष्ट बदलणारी नाही.

दुसरी सोय आहे १९३० या क्रमांकाची. पैशांच्या सायबर फसवणुकीची तक्रार देशभरातून या क्रमांकावर करता येते. तक्रार नोंदली की ज्या खात्यांतून पैसा पुढे सरकतो आहे त्या बँकांना कळवले जाते, आणि वाटेत असलेला पैसा अडवता येतो. चोर हा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतो आणि काढून घेतो. म्हणून इथे पहिला तास फार मोलाचा. मी चार दिवस घालवले होते.

चोर किल्ली मागतो

सगळा दोष ग्राहकालाच द्यावा असे मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. त्यात कार्डधारकांची काही चूक नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस या जुन्या सहकारी बँकेवर हल्ला झाला, आणि बनावट कार्डांच्या मदतीने अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या घरात होती. अशा वेळी सामान्य खातेदार काय करू शकतो? मोबाइलवर येणारा प्रत्येक संदेश वाचणे आणि न केलेला व्यवहार दिसताच कळवणे, एवढे तो नक्की करू शकतो.

यंत्रणेने कुलपेही मजबूत केली. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीला कार्डाच्या आकड्यांखेरीज आणखी एक ओळख सक्तीची झाली. पट्टीची जुनी कार्डे जाऊन २०१८ च्या अखेरपर्यंत चिपची कार्डे आली. ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि मशीनला टेकवून करायचा व्यवहार हे सगळे आपले आपण चालू-बंद करू शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून देशातील दुकानदार आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवू शकत नाहीत. कुलपे चांगली झाली, म्हणून आता चोर कुलूप फोडायला जात नाही. तो गोड बोलून किल्ली मागतो.

विद्यार्थ्यांसाठी इथे थोडे गणित सांगते. त्या माणसाला माझ्या कार्डाचे पहिले सहा आकडे कसे ठाऊक होते? ते गुप्त नसतातच. व्हिसाचे कार्ड ४ ने सुरू होते, मास्टरकार्डाची बरीचशी कार्डे ५ ने. सुरुवातीच्या आकड्यांवरून कार्ड कोणत्या बँकेचे आणि कोणत्या प्रकारचे हे कळते, आणि एकाच प्रकारच्या हजारो कार्डांवर ते सारखेच असतात. माझी बँक कोणती एवढे कळले की पहिले सहा आकडे सांगणे सोपे. शेवटचा आकडासुद्धा आधीच्या आकड्यांवरून एका सूत्राने काढलेला असतो. हान्स पीटर लून नावाच्या अभियंत्याने १९५४ मध्ये या सूत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. क्रमांक लिहिताना एखादा आकडा चुकला तर लगेच कळावे, एवढ्यासाठी ते आहे. म्हणून कोणी आपल्या कार्डाचे काही आकडे अचूक सांगितले, तर त्याने तो बँकेचा माणूस ठरत नाही. ही गोष्ट मला त्या दुपारी ठाऊक असती तर!

बाकीच्या युक्त्याही अशाच. एटीएममध्ये "काका, मी मदत करतो" म्हणत कोणी पुढे येतो, पिन पाहून घेतो आणि तसेच दिसणारे दुसरे कार्ड हातात ठेवतो. लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून एखादी फाइल येते. उघडली की मोबाइलमध्ये एक अॅप बसते आणि आपले ओटीपी गुपचूप वाचते. कोणी बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधतो आणि तिथे चोरानेच टाकलेला क्रमांक सापडतो. कोणी म्हणतो, एक अॅप घ्या म्हणजे मी तुमची अडचण दूर बसून सोडवतो, आणि मग आपल्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो. युक्त्या निरनिराळ्या असल्या तरी दोन गोष्टी सगळीकडे सारख्या असतात, घाई आणि गोड बोलणे.

आपल्याच चांगल्या सवयी

आपण जुन्या वसाहतीतली माणसे आहोत. गावाला जाताना घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची, ही आपली पद्धत. मोठ्यांशी अदबीने बोलायचे, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, हे संस्कार. त्यांचा मला अभिमान आहे. पण चोराला याच गोष्टी उपयोगी पडतात. त्या दिवशी माझ्या मनात दोनदा शंका आली होती. तरी इतक्या नम्रपणे बोलणाऱ्याचा फोन तोडणे मला उद्धटपणाचे वाटले.

आपल्या फीच्या खिडकीवर काय होते ते पाहा. पालक कार्ड आत देतात आणि रांगेतूनच मोठ्याने पिन सांगतात, "बाबूजी, तुम्हीच टाका." आमचे बाबूजी अत्यंत प्रामाणिक आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण मागे उभे असलेले दहा जण तो पिन ऐकतात. कित्येक मुलांना आईवडिलांचा पिन तोंडपाठ असतो, आणि मग खेळाच्या अॅपवर झालेल्या खरेदीवरून घरात रडारड होते. पिन न सांगणे म्हणजे अविश्वास नव्हे. दात घासायचा ब्रश आपण घरातल्या कोणालाही देत नाही, म्हणून काही घरात प्रेम कमी होत नाही. पिनचेही तसेच समजावे.

घरोघरी करता येतील अशा काही साध्या गोष्टी सांगते.

१. पिन, ओटीपी आणि मागचे तीन आकडे फोनवर कोणालाही सांगू नयेत. बँकेचा खरा माणूस ते कधीच विचारत नाही.

२. शंका आली की "मी स्वतः बँकेला फोन करते" असे म्हणून फोन ठेवावा, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. तो क्रमांक एका वहीतही लिहून ठेवावा, कारण कार्ड हरवले तर त्याच्याबरोबर तो क्रमांकही जातो.

३. परदेशी व्यवहार लागत नसतील तर ते बंद ठेवावेत. ऑनलाइन खरेदीची मर्यादा कमी ठेवावी. मशीनला टेकवून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. ही सोय वापरत नसाल तर तीही बंद करावी.

४. डेबिट कार्डाने पैसे सरळ आपल्या खात्यातून जातात. म्हणून जन्मभराची शिल्लक ज्या खात्यात आहे, त्याचे कार्ड रोजच्या खरेदीला वापरू नये.

५. मोबाइलचे नेटवर्क विनाकारण बराच वेळ गेले, तर मोबाइल कंपनीकडे लगेच चौकशी करावी. आपल्या नावाचे दुसरे सिम कोणी काढलेले असू शकते.

६. आणि फसवणूक झालीच, तर आधी कार्ड बंद करावे, मग १९३० ला फोन करावा, मग बँकेत लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घ्यावा. रडणे, रागावणे हे सगळे त्यानंतर.

घरातल्यांनी काय करावे

आता विद्यार्थ्यांशी दोन शब्द. मोबाइलमधले तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते, हे मी मान्य करते. पण आजोबा किंवा आजी फसले, तर "एवढंही कळत नाही का?" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. ज्याला एकदा असे ऐकावे लागते, तो पुढच्या वेळी सांगत नाही, आणि चोराला तेच हवे असते. तुमच्या हातून वडिलांच्या कार्डावर काही भलते झाले, तर त्याच संध्याकाळी सांगा.

पालकांनाही माझी तीच विनंती आहे. मूल घाबरत सांगायला आले तर हात उगारण्याआधी कार्ड बंद करा. त्या दिवशी माझी मुलगी माझ्यावर ओरडली असती, तर मी आज हा लेख लिहिला नसता. लपवण्याची सवय बहुतेक वेळा रागावण्यातून लागते, हे शाळेत इतकी वर्षे काढल्यावर मी खात्रीने सांगू शकते.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "बाई, हे काम बँकेचे आणि पोलिसांचे. शाळेने अभ्यास सोडून हे कशाला शिकवायचे?" त्यांचा प्रश्न योग्य होता. बँक आणि पोलीस आपापले काम करतातच. त्यांचे संदेश येतात, आपण ते न वाचता पुसून टाकतो. पण फोन तोडण्याचे धाडस आणि चूक कबूल करण्याचे धाडस हे संदेशाने शिकवता येत नाही. ते सवयीने येते, आणि सवयी लावणे हे तर शाळेचेच काम आहे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहावे हे आपण पहिलीत शिकवतो. ते वाहतूक पोलिसांचे काम आहे असे म्हणत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. फीच्या खिडकीवरचे मशीन बाहेरच्या बाजूला ठेवावे, पालकांनी स्वतः पिन टाकावा आणि रांग चार पावले मागे उभी राहावी. आठवीपासून पुढच्या प्रत्येक वर्गात दर सहामाहीत एक तास या विषयाला द्यावा, आणि त्यात मुलांकडून फोनवर नम्रपणे पण ठामपणे "नाही" म्हणण्याचा सराव करून घ्यावा. तिसरी सूचना आजीआजोबांसाठी. पालकसभेच्या दिवशी त्यांना शाळेत बोलवावे आणि आपल्या मुलांनीच त्यांना कार्डावरच्या सोयी चालू-बंद कशा करायच्या ते मराठीत दाखवावे. बँकेची पत्रे इंग्रजीत येतात, चोर मात्र आपल्या भाषेत बोलतो. तेव्हा सावध करणारेही आपल्या भाषेत कोणी हवे.

हा लेख लिहिण्याआधी मी बरेच दिवस विचार केला. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीचा मान जाईल असे वाटत होते. मग आठवले, आपण मुलांना सांगतो की चुकलेले उदाहरण खोडू नका, वहीत राहू द्या, त्याच्याखाली बरोबर करून दाखवा. मीही तेच केले आहे.

माझ्या पर्समध्ये आता नवे कार्ड आहे. त्याच्या परदेशी व्यवहाराची सोय बंद आहे. वहीच्या पहिल्या पानावर बँकेचा क्रमांक आणि १९३० हे दोन्ही लिहिलेले आहेत. आज घरी गेल्यावर आपणही एवढे जरूर करावे. आणि कोणाच्या घरी असा प्रसंग घडला आणि सांगायला कोणी नसेल, तर शाळेत या. माझ्या खोलीचे दार उघडे असते. मी रागावणार नाही, कारण तो अधिकार मला उरलेला नाही. आधी आपण कार्ड बंद करू. मग बोलू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुख्याध्यापिका